जिलेटिनचे तीन कागद आणि 'नोस्फेराटू'

फिल्म क्लबच्या खेळासाठी 'नोस्फेराटू' या १९२२ च्या जर्मन व्हॅम्पायर-चित्रपटाची ३५ मिमी प्रिंट आली ती कृष्णधवल आणि मूक, चार रिळांची. प्रोजेक्टर चालवायचं काम माझ्याकडे होतं. दुपारच्या तालमीत मदतीला आलेला पोरगा प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडकीतून पडद्याकडे बघत म्हणाला, "दादा, हा भरउन्हात शवपेटी बगलेत मारून हिंडतोय. आणि शेवटी उन्हानेच मरतो म्हणताय?"

प्रश्न बिनतोड होता. चित्रपटातला व्हॅम्पायर काउंट ऑर्लोक गल्लीतून चाललेला, भिंती लख्ख उजळलेल्या, आभाळ पांढरंफटक. गोष्टीत ही रात्र आहे. शहरातल्या प्रसंगांचं चित्रीकरण १९२१ मध्ये उत्तर जर्मनीतल्या विस्मार आणि ल्यूबेक इथे झालं, आणि हे प्रसंग दिवसाच घेतलेले आहेत. अख्खी गल्ली रात्री दिव्यांवर टिपण्याइतकी तेव्हाची फिल्म संवेदनशील नव्हती. शिवाय ती ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल रंग तिला जवळपास दिसतच नाही आणि निळा फार दिसतो. म्हणून निळं आभाळ पांढरं उमटतं. रात्र व्हायची ती नंतर, प्रयोगशाळेत. त्या त्या प्रसंगाची पॉझिटिव्ह (पडद्यावर दाखवायची) फिल्म रंगाच्या पाण्यात बुडवायची. निळा म्हणजे रात्र, पिवळा म्हणजे घरातला दिवा, गुलाबी म्हणजे पहाट.

उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतली (चित्रपट तिच्यावरूनच, परवानगीशिवाय बेतलेला) नाही, तिथला ड्रॅक्युला दिवसाही वावरतो. ती या चित्रपटाने आणली. त्यामुळे इथे निळा रंग काढला की गोष्टीचा पायाच निखळतो. पण स्टोकरच्या पत्नीने खटला भरला, १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला, आणि वाचलेल्या प्रतींवरून पुढे कृष्णधवल फिल्मवर नकला निघत राहिल्या. अशा नकलेत रंग उतरत नाही. १९२२ ची एक रंगवलेली फ्रेंच प्रत पॅरिसच्या सिनेमाटेकमध्ये, म्हणजे चित्रपट-संग्रहालयात होती. रंगांसह झालेल्या अलीकडच्या पुनरुज्जीवनाला तिचा मोठा आधार मिळाला.

सकाळ मात्र वेगळ्याच कामात, प्रोजेक्टरची गती जुळवण्यात गेली होती. चित्रपटाची मूळ लांबी १९६७ मीटर. मीटरला साडेबावन्न फ्रेम धरल्या तर साधारण १,०३,००० फ्रेम होतात. सेकंदाला १८ च्या गतीने ९५ मिनिटं, बोलपटाच्या २४ च्या गतीने ७२. चोवीसवर माक्स श्रेक या नटाचा ऑर्लोक तुरुतुरु चालतो आणि लोक हसतात. दिग्दर्शक मुर्नाऊने जिथे मुद्दाम वेग वाढवलाय, म्हणजे जंगलातली घोडागाडी किंवा गाडीवर शवपेट्या रचण्याचा प्रसंग, तिथलं वेगळेपणही त्या गर्दीत बुडतं. आमची मोटर ५० हर्ट्झवर २४ देते, म्हणून विजेची वारंवारिता बदलणारा इन्व्हर्टर ३७.५ वर लावला. मग शटर, म्हणजे फिल्म पुढे सरकताना प्रकाश अडवणारी फिरती पाती. दोन पात्यांचं शटर १८ च्या गतीला सेकंदाला ३६ वेळा प्रकाश टाकतं आणि पडदा लुकलुकतो. तीन पात्यांचं बसवलं की ५४ होतात आणि डोळा शांत होतो, पण उजेड घटतो. पातं बसवताना वेळ चुकली तर पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली धुरासारखे ओघळ येतात. आमच्याकडे आले. पातं दोनदा सैल करून फिरवावं लागलं.

गेटची पट्टी, म्हणजे फिल्मचा किती भाग पडद्यावर जाईल ते ठरवणारी चौकट, हे नेहमीचं दुखणं. बोलपटाची पट्टी डावीकडची ध्वनिमुद्रणाची जागा झाकते, मूक प्रिंटमध्ये तिथेही चित्र असतं. पट्टी न बदलता चालवलं तर संवादाच्या पाट्यांवरच्या ओळींची सुरुवात कापली जाते. पूर्ण फ्रेमची पट्टी घालून लेन्स किंचित बाजूला सरकवली.

आता रंग. फिल्म रंगात बुडवली की पांढरा भाग रंगतो, काळा काळाच राहतो. लेन्ससमोर पारदर्शक रंगीत कागद धरला तरी पडद्यावर नेमकं हेच होतं. (टोनिंगची गोष्ट वेगळी. तिथे फिल्ममधल्या चांदीचाच रंग बदलतो, म्हणजे काळे भाग रंगतात. ते कागदाने साधत नाही.) म्हणून नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्या मित्राकडून जिलेटिन, म्हणजे असे रंगीत कागद मागवले. आधी रंगमंचावरचा गडद निळा लावून पाहिला आणि फसलो. तीन पात्यांनी आधीच उजेड खाल्लेला, त्यात जिना चढणारी ऑर्लोकची सावली काळोखात विरून गेली. ती सावली हा चित्रपटाचा कळस आहे. नट चौकटीबाहेर, भिंतीवर फक्त वाकडी बोटं. दिवा एकच आणि उघडा असल्याशिवाय अशी धारदार कड येत नाही. ती कड दिसायलाच हवी, म्हणून फिकट पोलादी निळा घेतला.

कागद दिवा आणि फिल्म यांच्यामध्ये कधीच नको, करपतो. लेन्सच्या पुढे, अगदी जवळ हवा. तिथे सुरकुती पडद्यावर उमटत नाही, आणि कागद सरकवताना कडेची रेघ न दिसता सगळा पडदा एकदम रंग बदलतो. लाकडी खाचेत शेजारी शेजारी तीन चौकटी, हाताने ढकलायच्या. कट पडल्यापासून दोन-तीन फ्रेममध्ये काम झालं पाहिजे. कुठल्या शॉटला कोणता रंग, याची वहीत चार पानं भरली.

जंगलाच्या शॉटला पोरगा पुन्हा दचकला. झाडं पांढरी, आभाळ काळं! लॅबची चूक नव्हे, मुर्नाऊने तिथे निगेटिव्ह चित्रच वापरलंय. त्याआधी गावकऱ्यांना घाबरवणारा लांडगा येतो, तो मात्र सरळसरळ तरस आहे. संध्याकाळी तिथे मागच्या रांगेतून कुणीतरी "अरे, तरस!" म्हणालंच.

खेळात दोन बदल उशिरा झाले, एकदा घरातला दिवा निळा पडला. गल्लीचा प्रसंग मात्र वेळेवर निळा झाला, आणि विस्मारचं ते पांढरं आभाळ चांदणं होऊन गेलं. शेवटी कोंबडा दिसतो, ऑर्लोक मान वर करतो. मी गुलाबी चौकट ढकलली. खिडकीशी पोरगा गप्प उभा होता. ऑर्लोक विरघळला, जमिनीवर थोडा धूर उरला.

दिवा विझवल्यावर चौकटी काढल्या. निळ्या कागदाच्या मधोमध वाटीएवढा फिकट डाग पडला होता. पुढच्या खेळाला नवा लागणार.