आई पॉझिटिव्ह आणि बाळ

नवजात बाळांच्या विभागात परिचारिका म्हणून काम करताना 2020 साली, कोविडच्या साथीत, पॉझिटिव्ह आलेल्या आयांकडून एकच प्रश्न सतत कानावर यायचा, "सिस्टर, माझ्यामुळे बाळाला होईल का?" धाप लागलेली असतानाही बायका आधी हेच विचारायच्या.

तेव्हा अनेक ठिकाणी बाळाला जन्मताच आईपासून वेगळं ठेवत. मला ते पटत नव्हतं. पुढे कळलं, पोटात असताना बाळाला संसर्ग होणं दुर्मीळ आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, मास्क लावा, हात धुवा आणि बाळाला अंगावर पाजा, छातीशी घ्या.

खरी भीती वेगळीच होती. वाढलेलं गर्भाशय फुप्फुसांची जागा कमी करतं, त्यात न्यूमोनिया! गरोदर बायकांना आयसीयू आणि व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता समवयस्क इतर बायकांपेक्षा जास्त. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 18 देशांतल्या अभ्यासात, संसर्ग झालेल्या गरोदर स्त्रियांमध्ये प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढणं) आणि वेळेआधीची प्रसूती जास्त आढळली. आमच्याकडची बाळं आजारी असायची ती बहुतेकदा विषाणूने नव्हे, अपुऱ्या दिवसांमुळे. कोविडच्या डेल्टा या प्रकाराच्या लाटेत काहींची वार (बाळाला पोषण पुरवणारा गर्भाशयातला अवयव) खराब होऊन बाळ पोटातच गेलं. त्याबद्दल मला अजूनही नीट बोलता येत नाही.

म्हणून गरोदरपणातल्या कोविड लशीचा विषय निघाला की मी स्पष्ट बोलते. आईची प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि पहिल्या काही महिन्यांत, त्याला स्वतःला ही लस देता येत नाही तेव्हा, तीच कामी येतात. आणि ताप, धाप किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळ व्हायची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.