गिरगावकरणीला हॉटेलात न्यायचं म्हणजे

६ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून ग्रुपवर एकच विषय. मुंबईत उतरायचं कुठे? जायचं हे दिवाळीतच ठरलंय. दोन दिवस, एक रात्र, पाच जणी. चौघी पुण्याहून जाणार आणि पाचवी तिथलीच. घोडं अडलंय ते तिथेच. "माझं घर असताना हॉटेल कशाला?" असं गिरगावकरणीने सकाळी सातला टाकलं आणि दुपारपर्यंत ग्रुप चिडीचूप. एरवी उखाण्यांपासून गुडघ्याच्या तेलापर्यंत सगळं तिथे येत असतं.

(नावं लिहीत नाही. मागे लिहिली होती तेव्हा फोन आले होते. गिरगावकरीण, बँकवाली, बाई आणि गुडघेवाली एवढ्यावर भागेल.)

मला २०१७ आठवतंय. तेव्हा आम्ही तिच्याकडेच उतरलो होतो. ठाकुरद्वारच्या गल्लीतल्या दोन खोल्या. नवऱ्याला तिने भावाकडे बोरिवलीला धाडलं, सासूबाईंची कॉट आतल्या खोलीत सरकवली आणि आमच्यासाठी बाहेर गाद्या घातल्या. आम्ही दोन दिवसांत राणीची बाग पाहिली, म्युझियम पाहिलं, चौपाटीवर भेळ खाल्ली. ती आमच्याबरोबर सगळे मिळून दोन-अडीच तास असेल. बाकी वेळ ओट्यापाशी. पहाटे पाचला नळाला पाणी येतं म्हणून तिची उठाउठी, मग आमच्या पाच तऱ्हांच्या चहाची. एकीला बिनसाखरेचा, एकीला आलं चालत नाही, आणि बाईंना उठल्या उठल्या कपात कडकडीत गरम पाणी. निघताना डब्यात वालाची उसळ आणि चपात्या. (आम्ही पोळ्या म्हणतो म्हणून तिची सासू अजून हसते.) डेक्कन क्वीनमध्ये बसल्यावर लक्षात आलं की भेटायला गेलो होतो जिला, तिच्याशी बोलणं राहूनच गेलं.

म्हणून या वेळी तिचं घर नको. आमच्यापैकी कुणाचंच नको. हे तिला ग्रुपवर सांगता येईना म्हणून वेगळा फोन केला. बराच वेळ ऐकून घेतलं तिने. शेवटी म्हणाली, "ते कळलं गं. पण सासूबाईंना काय सांगू? पुण्याच्या मैत्रिणी आल्यात आणि मी त्यांच्याबरोबर हॉटेलात झोपायला चाललेय?"

९ जानेवारी, शुक्रवार

तारखांचं लागलं एकदाचं. १७-१८ म्हणत होतो, पण १८ ला तिसरा रविवार, म्हणजे मॅरेथॉन. सीएसटी ते मरीन ड्राइव्ह रस्ते बंद आणि खोल्यांचे भाव चढलेले. २४ ते २६ जोडून सुट्टी, म्हणून सगळा महाराष्ट्रच बाहेर पडणार. शिवाय २५ ला रथसप्तमी. तोवर हळदीकुंकवांतून कुणाचीही सुटका नाही. मग २९-३० धरली, गुरुवार-शुक्रवार. बँकवाली दोन दिवस रजा टाकणार. बाईंनी शाळेत काय कारण दिलंय ते त्या सांगत नाहीत.

११ जानेवारी, रविवार

बँकवालीला अंधेरीत एक चांगलं हॉटेल दिसलंय. पोहण्याचा तलाव, सकाळच्या नाश्त्याला साठ पदार्थ. म्हणे मेट्रो आहे ना आता! खरं आहे, आरेपासून कफ परेडपर्यंतची साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबरात पूर्ण सुरू झाली, विमानतळ, बीकेसी, सिद्धिविनायक, चर्चगेट सगळं एका दमात. पण मुंबईत जाऊन जमिनीखालून फिरायचं आणि रात्री जेवणावर गप्पा रंगात आल्या की घड्याळ बघायचं, हे मला पटेना. दोनच दिवस असताना परतीचा रस्ता लांब नको. दुपारी पाय दुखले तर खोलीवर येऊन पडता आलं पाहिजे. नाहीतर शहरातल्या हॉटेलचा उपयोग काय? लोणावळ्याला जाऊन पडता येतं की.

मग उरले फोर्ट, कुलाबा आणि चर्चगेट. फोर्टातली हॉटेलं स्टेशनपासून चालत, भावही जरा बरे. पण गिरगावकरीण म्हणाली, "तिथे ऑफिसं सुटली की कुत्रं दिसत नाही रस्त्यावर. रात्री आइस्क्रीम खायला उतरायचं तर कुठे उतरणार?" हे तिथल्या माणसालाच माहीत असतं. नकाशावर सगळे रस्ते सारखेच पिवळे. कुलाब्याला रात्री उशिरापर्यंत जाग असते, पण गुडघेवालीला कॉजवेच्या फुटपाथवरून स्टॉल चुकवत चालणं झेपणार नाही. चर्चगेटला समुद्र पाच मिनिटांवर आणि वाट सपाट. बाईंनी लगेच धडा काढला. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, समोरच्या अंगाला १९३०-४० च्या सुमाराच्या आर्ट डेको इमारती, आणि दोन्ही मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत. "सकाळी तिथे फिरायचं," त्या म्हणाल्या. सकाळी किती वाजता, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

उद्या संक्रांत. तिळगूळ वळायचे सोडून हॉटेलांचे फोटो बघतेय.

हॉटेलने स्वतः काढलेले फोटो बघायचे नाहीत, हे मी शिकलेय. त्यात सगळ्या खोल्या मैदानाएवढ्या असतात. राहून गेलेल्यांचे फोटो बघायचे, आणि अभिप्राय वाचायचे तेही दोन आणि तीन तारेवाल्यांचे. पाच तारे देणारे हरखलेले असतात, एक तारा देणाऱ्याचं कुणाशी तरी भांडण झालेलं असतं. तीनवाला बरोबर सांगतो की लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत सात पायऱ्या आहेत. हे वाक्य सापडलं म्हणून वाचलो. हॉटेलच्या माहितीत फक्त 'लिफ्ट उपलब्ध' लिहिलं होतं. जुन्या इमारतींत हे असंच. जाळीची लिफ्ट देखणी असते, पण ती जोत्यावरून सुटते. गुडघेवालीच्या ऑपरेशनला जेमतेम आठ महिने झालेत. ते हॉटेल कटाप.

दुसरं एक सगळ्यांना आवडलं होतं. मग बँकवालीने फोटो मोठा करून पाठवला. बाथरूम आणि खोली यांच्यामध्ये भिंत नाही, काच! आरपार. आत पडदा असतो म्हणे. नव्या हॉटेलांमध्ये ही काच कुणी आणि कुणासाठी काढली असेल ते असो, पन्नाशीच्या तीन बायकांनी एका खोलीत राहायचं म्हटल्यावर तिचं काय करायचं? बाई म्हणाल्या, "मी अंघोळ करेन तेव्हा बाकीच्यांनी समुद्र बघायचा." पण त्या खोलीतून समुद्र दिसत नव्हता. विचारलं तर 'पार्शियल सी व्ह्यू'. म्हणजे मान किती वाकडी करायची ते आपण ठरवायचं.

पाच जणींना खोल्या किती, हा वाद अजून मिटलेला नाही. दोन घ्याव्यात तर तीन आणि दोन, मग एकीला एक्स्ट्रा बेड. एक्स्ट्रा बेड म्हणजे रात्री नऊला एक मुलगा घडीची कॉट ढकलत आणतो आणि कपाट व टीव्हीच्या मध्ये उघडतो, ते. आणि त्यावर नेहमी तीच झोपते जी 'मला कुठेही चालतं' म्हणते. आमच्यात ती गिरगावकरीण. म्हणून मी तीन खोल्यांसाठी हट्ट धरला. बँकवालीने हिशोब मांडला. खोलीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के (सप्टेंबरपर्यंत १२ होता), त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७,४०० ची खोली पडते ७,७७० ला, आणि ७,९०० ची ९,३२२ ला. भाड्यात पाचशेचा फरक, बिलात दीड हजाराचा. "साडेसातच्या आत बसव त्याला," ती म्हणाली आणि तिनेच फोन करून बसवलं. पस्तीस वर्षं कर्जाच्या फायली तपासलेला आवाज आहे तो.

तिची आणखी एक पद्धत आहे, ती मला फार आवडली. ठरवण्याआधी हॉटेलला रात्री अकराला फोन करायचा. काहीही विचारायचं, गरम पाणी किती वाजता येतं वगैरे. कोण उचलतं, किती वेळाने, कुठल्या सुरात, यावरून कळतं की रात्री कुणी जागं असतं का.

सीपी आणि ईपी या भानगडीवरही वीस मेसेज झाले. सीपी म्हणजे नाश्त्यासकट, ईपी म्हणजे नुसती खोली. पूर्ण नाव कॉन्टिनेंटल प्लॅन आणि युरोपियन प्लॅन. इडली कुठल्या खंडात बसते, असं बाईंनी विचारलं. सीपी घेतला. सकाळी कुणीच काही करायचं नाही, हेच तर हवं होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज वाईट वाटलं.

सगळं जमत आलेलं. पैसे भरण्याआधी मी सहज फोनवर सांगितलं की आमच्यातली एक मुंबईतलीच आहे. पलीकडचा मुलगा थबकला. "मॅडम, लोकल आयडी चालत नाही." मी म्हटलं, अहो, बावन्न वर्षांची बाई आहे, मैत्रिणींबरोबर राहायचंय. "पॉलिसी आहे मॅडम." कायदा असा काही नाही, त्यांचा त्यांनीच केलेला नियम. गावातल्या माणसाला गावात खोली कशाला लागते, यामागे त्यांच्या डोक्यात जे काय असतं ते असतं. जोडपी, दारू, भानगडी. आमच्याकडे भानगड होती ती फक्त ओट्यापासून एक रात्र लांब राहण्याची. ती त्या रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात बसणार?

तिला सांगायचं कसं, या विचारात संध्याकाळ गेली. सांगितलं तर हसत सुटली. "अठ्ठावीस वर्षं झाली गं लग्नाला. सुरुवातीला सगळे मला पुण्याची म्हणायचे, आता कुठे मुंबईकर झाले, तर माझाच पत्ता नडतोय!" मग जरा थांबून, "मी रात्री घरी जाईन नं. बसने दहा मिनिटं."

नाही जाणार. बँकवालीने आणखी तीन ठिकाणी फोन केले, पहिलाच प्रश्न हाच. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवर एक बाई होत्या (आमच्या बाई नव्हेत). म्हणाल्या, "आधार ओरिजिनल आणा प्रत्येकीचं, बाकी काही नाही. आणि पॅन आणू नका हं, त्यावर पत्ता नसतो." ओव्हलच्या जवळ, दुसरा मजला, लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून, बाथरूमला भिंत. समुद्र दिसत नाही. चालत जाऊन बघू.

२९ जानेवारी, गुरुवार, रात्री

सव्वासातची क्वीन. डायनिंग कारचं कटलेट आणि चीज टोस्ट, बाईंचं दोनदा. १०.२५ ला सीएसटी. खोल्या दोनला मिळणार होत्या, म्हणून काउंटरला बॅगा टाकून म्युझियम केलं आणि मग जेवण. बँकवालीने पॅनच आणलं होतं, आणि आधार मोबाइलमध्ये. काउंटरवरच्या बाईंनी नुसतं बघितलं तिच्याकडे. मोबाइलमधलं चाललं शेवटी.

गिरगावकरीण साडेअकराला आली ती चाकांची मोठी बॅग ओढत. आमच्या चौघींच्या बॅगांपेक्षा मोठी. एका रात्रीसाठी काय आणलंय विचारलं तर, "काय लागेल ते माहीत नव्हतं. हॉटेलात कधी एकटी राहिले नाही नं." त्यात दोन साड्या, ड्रेस, टॉवेल, साबण, मग (हो, मग), सुपारी आणि एक उशीचा अभ्रा.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो. सूर्य बुडेपर्यंत आणि मग दिवे लागल्यावरही. ती बसमधून हे रोज बघते, पण बसून बघायला वर्षं झाली म्हणाली. नंतर बिस्किटांमधलं आइस्क्रीम खाल्लं चर्चगेटला, फुटपाथवर उभं राहून. पाच जणींत आठ.

खोल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. गिरगावकरीण माझ्या वाट्याला आली. दहाला तिच्या सासूबाईंचा फोन. मिक्सरच्या लहान भांड्याचं झाकण सापडत नाही. तिने पलंगावर पडल्या पडल्या सांगितलं, कुठल्या फळीवर, कशाच्या मागे. मग दिवा मालवला. अंधारात आम्ही दीडपर्यंत बोललो. काय, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार, गाडीत

पाचला जाग आली तर ती उठून खिडकीपाशी बसलेली. पाण्याची वेळ म्हणून जाग आली म्हणाली. किटलीत पाणी ठेवलं होतं तिने. पुडीतल्या दूधपावडरचा चहा, अगदी पांचट. दोन कप प्यायलो. बाईंनी साडेसहाला दार वाजवलं, ओव्हलला चला म्हणून. आम्ही झोपेचं सोंग घेतलं.

५.१० च्या गाडीला ती सोडायला आली. डबा नव्हता हातात, त्याची तिला रुखरुख. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी होती, ती मोठी बॅग पायाशी घेऊन. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं, "त्या नाही का येत? लांबच्या वाटतात." मी म्हटलं, गिरगावच्या आहेत.