बाहेर घडीव चिरे, आत डबर

बोरघाटातले रेल्वेचे दगडी पूल तपासताना डोळ्यांपेक्षा हातोडीवर जास्त भिस्त ठेवावी लागते. चिऱ्यावर ठोका दिल्यावर खणखणीत आवाज आला, तर मागचं बांधकाम भरीव. बद्द वाजलं, तर आत पोकळी. पूल विभागातल्या नोकरीत मी मुख्यतः हेच ऐकत आलो.

त्या वर्षी पाऊस नुकताच ओसरला होता. एका जुन्या पुलाला परांची बांधून आम्ही कमान जिथून वळायला लागते तिथवर चढलो. चिरे देखणे, कडा अजून धारदार, दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरलेल्या. फक्त एका दर्जेतून चुन्याचा पांढरा ओघळ आला होता. आमचे मेस्त्री ठोकत पुढे सरकत होते. मध्येच थांबून म्हणाले, "साहेब, जरा इकडे कान द्या."

बद्द. शेजारचा चिराही बद्द. खडूच्या खुणा खांबावर पसरत गेल्या, तसा माझ्या पोटात गोळा आला, कारण 1867 चा पावसाळा मला ठाऊक होता. घाटाचा मार्ग 1863 मध्ये सुरू झाला आणि चारच वर्षांत 'मौ की मल्ली' हा आठ कमानींचा पूल कोसळला. चौकशीत दिसलं ते असं: दर्शनी दगड नीट घडवलेले, पण आतली भर सैल डबराची, म्हणजे ओबडधोबड दगडांची, चुना निकस आणि बाहेरच्या दगडाला आतल्या भरीशी बांधून ठेवणारे लांब दगड अपुरे.

याचा दोष कामगारांच्या हाताला देणं मला कधीच पटलेलं नाही. 37 फुटांना 1 फूट अशा चढाचा हा मार्ग. त्यावर 25 बोगदे. कड्यावरून दोर सोडून माणसं खाली लोंबकळत, पहारीनं भोकं पाडत आणि दारू ठासत. लाकडी साच्यावर कमानीचा एकेक दगड बसायचा. दगड, चुना, पाणी सगळं डोंगरात चढवायचं. पावसाळ्यात काम थांबे आणि मजूर पांगत. 1861 मध्ये इथे 42,000 लोक राबत होते. पटकीनं आणि अपघातांनी हजारो गेले. थकलेल्या मजुरीवरून 1859 मध्ये दंगाही झाला. त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदारानं, फॅविएलनं, काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं. भिंतीच्या पोटात काय भरलं जातंय, हे रोज उभं राहून बघणं देखरेख करणाऱ्यांचं काम होतं. दगड घडवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं, ते मी हाताखाली चाचपत होतो.

खाली उतरून मी आधी गाड्यांना वेगमर्यादा लावून घेतली. मग खुणांच्या जागी भोकं पाडली. गिरमिटाबरोबर चुना भुकटी होऊन आला.

पुढे ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पाण्यात कालवलेलं पातळ मिश्रण, दाबानं आत सोडलं. पहिल्या भोकातून घातलेलं ग्राउट तीन हात लांबच्या दर्जेतून बाहेर फुटलं, म्हणजे पोकळ्या आतून एकमेकींना मिळालेल्या होत्या. मेस्त्रींनी गोणपाटाच्या चिंध्या कोंबून दर्ज बुजवली आणि ओरडले, "बंद करू नका, अजून घेतंय!"