गस्टोमीटरची नोंद : थेंब सुटतो वेळेवर, थांबतो कधी?

मंडळी, पंप, नळ्या आणि तोंडाशी येणारा तुकडा आता एकत्र चालायला लागलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एमआरआय स्कॅनरमध्ये आडव्या झोपलेल्या माणसाच्या जिभेवर ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या मापाचं गोड, खारट, आंबट किंवा कडू द्रावण सोडायचं आणि तेव्हा मेंदूतल्या इन्सुलाच्या भागात (चवीची जाणीव जिथे होते तिथे) काय होतं ते पाहायचं, यासाठी हे यंत्र, म्हणजे गस्टोमीटर. मोटर चुंबकाच्या खोलीत नेता येत नाही. त्यामुळे पंप बाहेर कंट्रोल रूममध्ये राहतो आणि भिंतीतल्या वेव्हगाइडमधून (बाहेरचे रेडिओ तरंग आत न येऊ देणाऱ्या धातूच्या नळकांड्यातून) फक्त नळ्या आत जातात. टेबलावरच्या चाचण्याही मी पूर्ण ८ मीटर नळी जोडूनच करतो. अर्ध्या मीटरवर कुठलाही पंप छान चालतो, त्यावरून काहीच कळत नाही.

पंप साधा आहे. ठरावीक छोट्या पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर, एका फेऱ्यात सिरिंजचा दट्ट्या ८ मिमी सरकवणारा लीड स्क्रू आणि २० मिमी आतल्या व्यासाची सिरिंज. मोटरच्या २०० पावलांत एक फेरा, म्हणजे दर पावलाला साधारण १२.६ मायक्रोलिटर. अर्धा मिली सोडायला ४० पावलं. मापाची चिंता इथेच संपते. वजनकाटाही तेच सांगतो.

नळी टोकापर्यंत भरलेली असेल तर लांबीमुळे फारसा उशीर होत नाही, मागून ढकललं की पुढून बाहेर येतं. खरी गोम थांबण्यात आहे. मोटर थांबली तरी फुगलेली नळी आकसत राहते आणि टोकाशी एक थेंब हळूहळू मोठा होत जातो. नळीशेजारी एक एलईडी लावलाय, मोटर चालू असेपर्यंतच तो पेटतो. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमनी चित्रण केलं की दिवा विझल्यावरही टोक ओलं होत राहिलेलं स्पष्ट दिसतं. मऊ सिलिकॉनच्या नळीत हे शेपूट लांबच लांब होतं. टेफ्लॉनची कडक नळी लावल्यावर ते जवळजवळ गेलं.

मग बुडबुडे. सेकंदाला अर्धा मिली पाणी ८ मीटर नळीतून ढकलायला आतला व्यास १.६ मिमी असेल तर सुमारे २५ किलोपास्कल दाब लागतो. व्यास १ मिमी केला की तोच दाब १६० च्या पुढे जातो, कारण लागणारा दाब त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. सिरिंजजवळ ०.१ मिलीचा बुडबुडा अडकलाय असं धरा. २५ किलोपास्कलला तो पाचव्या हिश्शाने आकसतो, म्हणजे ०.०२ मिली द्रावण मोटर थांबल्यावर बाहेर येणार. १६० ला हेच ०.०६ मिली होतं, एका थेंबाहून जास्त! बारीक नळीत द्रावण कमी वाया जातं (१.६ मिमीच्या नळीत नुसते भरायलाच १६ मिली लागतात), तरीही मी १.६ वरच ठाम आहे. पाणी आधी उकळून निवू दिलं की त्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि नळीत नवे बुडबुडे धरत नाहीत.

कोणी म्हणेल, बोल्ड सिग्नल (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून एमआरआय टिपतो तो मेंदूचा प्रतिसाद) शिखरावर यायला ५-६ सेकंद घेतो, मग एवढी काटेकोर वेळ कशाला? उशीर दर वेळी सारखाच असेल तर विश्लेषणात तो वजा करता येतो. कधी आहे, कधी नाही, असं असेल तर काहीच करता येत नाही. शिवाय उशिरा पडलेला थेंब जिभेला स्पर्शही करतो, आणि तो स्पर्श चवीच्या खात्यात जमा होतो. त्याच कारणाने सगळी द्रावणं एकाच तापमानाला, एकाच वेगाने, एकाच मापात सोडायला हवीत.

प्रत्येक चवीला स्वतंत्र नळी दिली आहे, कारण कडू क्विनाइन गेलेल्या नळीतून पुढे साखर सोडण्याची माझी तयारी नाही. तुलनेसाठी साधं पाणी चालत नाही. त्यालाही चव असते. २५ मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि २.५ मिलीमोलर सोडियम बायकार्बोनेट हे लाळेसारखं द्रावण संशोधनात बरंच वापरलं जातं, तेच घेतलंय. चूळ म्हणूनही तेच. पाठीवर झोपलेल्या माणसाच्या घशाकडे द्रावण आपोआप ओघळतं आणि गिळताना डोकं हलतं. म्हणून अर्ध्या मिलीच्या पुढे जायचं नाही आणि गिळण्याची खूण पडद्यावर वेगळी दाखवायची, असं ठरवलंय.

टोकाला चेक व्हॉल्व्ह (द्रावण एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, म्हणजे मोटर दोन-तीन पावलं मागे घेऊन दाब सोडता येईल आणि लाळ आत ओढली जाणार नाही. पण बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये धातूची स्प्रिंग असते, आणि ती स्कॅनरच्या चुंबकाजवळ नको. सिलिकॉनचा बदकाच्या चोचीसारखा व्हॉल्व्ह सध्या बसवलाय. पाण्याला तो चोख बंद होतो. साखरेच्या घट्ट द्रावणाला थोडा रेंगाळतो, म्हणून पुढची चाचणी अर्ध्या मोलरच्या साखरेवर. ते पाण्याच्या दीडपटीच्या आसपास चिकट असतं, तेव्हा मागे घ्यायची पावलंही प्रत्येक नळीला वेगळी लागतील असा माझा अंदाज आहे. कोणी असा व्हॉल्व्ह घट्ट द्रावणावर वापरला असेल तर तो किती दाबाला उघडतो तेवढं नक्की कळवा.