तीन मिलिमीटरचा ट्रॅक

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. शेजारच्या प्रेस शॉपची धडधड बंद, चहावाल्याची फेरी नाही, आणि आमच्या गाळ्यात मी आणि असेंब्लीचे काका असे दोघंच. शनिवारी २४० सर्किट बोर्ड पाठवायचे होते. पाण्याच्या मीटरवर बसायचं आणि ८६६ मेगाहर्ट्झवर रीडिंग पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. जुने बोर्ड आळंदी रस्त्याला दोन किलोमीटरवरूनसुद्धा गच्चीवरच्या गेटवेला, म्हणजे रीडिंग गोळा करणाऱ्या रिसीव्हरला, ऐकू यायचे. नवे आठशे मीटरच्या पुढे गप्प.

जुना बोर्ड तांब्याच्या दोन लेयरचा, नवा चार लेयरचा. रेडिओ मॉड्यूल तेच, अँटेना तीच, फर्मवेअरही तेच. आदल्या दिवशी दोन्ही बोर्ड एकाच खांबाला बांधून पाहिले, तर नव्याचा सिग्नल ८ डीबीने (डेसिबलने) कमी. म्हणजे ताकदीचा जेमतेम सहावा हिस्सा बाहेर पडत होता. बाकीचा कुठे जात होता ते शोधायचं होतं.

काकांनी आपल्या परीने शोध लावला होता. ‘ताई, मॉड्यूलपासून अँटेनाच्या सॉकेटपर्यंत मीटर लावला. शून्य पॉइंट एक. ट्रॅक तुटलेला नाही.’ मग जरा थांबून, ‘पण तुम्ही तर म्हणता हा पन्नास ओहमचा ट्रॅक आहे. पन्नास कुठायत?’

प्रश्न चोख होता. कॉलेजात मलाही पडला होता आणि विचारायची लाज वाटली होती. मल्टिमीटर ट्रॅकचा, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीचा, रेझिस्टन्स सांगतो. पन्नास ओहम हे ट्रॅकवरून धावणाऱ्या लहरीचं व्होल्टेज आणि करंट यांचं प्रमाण. ते ठरतं ट्रॅकची रुंदी, खालचं ग्राउंड (तांब्याचा सलग थर) किती अंतरावर आहे आणि मधे कुठलं मटेरियल आहे यावर. ट्रॅक रुंद केला किंवा ग्राउंड जवळ आणलं की कपॅसिटन्स वाढतो आणि हे प्रमाण, म्हणजे इम्पिडन्स, उतरतं. मीटरला यातलं काही दिसत नाही, तो डीसीवर मोजतो. काकांनी ‘बरं’ म्हटलं. पटलं नव्हतं.

एका रिकाम्या बोर्डावर मॉड्यूलच्या पॅडला केबलचा तुकडा डकवला, सॉकेटवर पन्नास ओहमचा लोड लावला आणि नॅनोव्हीएनए जोडला. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल परत येतो ते मोजणारं हे छोटं यंत्र. ५० मेगाहर्ट्झला चित्र बरं होतं. फ्रिक्वेन्सी वाढत गेली तसा ठिपका मधून सरकत सरकत ८६६ला स्मिथ चार्टच्या, म्हणजे इम्पिडन्स दाखवणाऱ्या गोल आलेखाच्या, पार डाव्या टोकाला जाऊन टेकला. मधोमध असतात पन्नास ओहम. त्या टोकाला शॉर्ट सर्किट असतं. रिटर्न लॉस, म्हणजे परत येणारा सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती कमी, पाऊण डीबी. पाठवलेलं जवळजवळ सगळं माघारी.

असं चित्र निव्वळ ढिल्या सोल्डरिंगने येत नाही. व्हर्नियर काढून ट्रॅक मोजला: रुंदी ३ मिमी, लांबी ४३. बोर्डाची जाडी १.६. एफआर-४ (बोर्डाचं नेहमीचं फायबरग्लास मटेरियल) वर १.६ मिमी उंची आणि मटेरियलचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.४ धरला की पन्नास ओहमला ३ मिमीच्या आसपासच रुंदी येते, हे मला पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी मीच काढली होती. चार लेयरचा लेआउट करताना रेडिओचा कोपरा ‘चाललेला आहे, हात नको लावायला’ म्हणून जसाच्या तसा उचलून ठेवला, तोही मीच.

लेआउटमध्ये दुसरा लेयर उघडला. ट्रॅकच्या बरोब्बर खाली अखंड ग्राउंड. पीसीबीवाल्याचा, म्हणजे कोरे बोर्ड बनवणाऱ्याचा, माणूस सुट्टी असूनही फोन उचलतो हे त्याचे उपकार. ‘पहिल्या आणि दुसऱ्या लेयरमध्ये अंतर किती ठेवता?’

‘पॉइंट दोन, मॅडम. नेहमीचंच.’

सूत्रात उंची म्हणून बोर्डाची जाडी घालत नाहीत, ट्रॅकपासून सगळ्यात जवळच्या ग्राउंडपर्यंतचं अंतर घालतात. दोन लेयरच्या बोर्डात ही दोन्ही एकच असतात, म्हणून सवय लागते. मी डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर अशा ट्रॅकचा इम्पिडन्स काढायची हॅमरस्टाडची समीकरणं मांडली. रुंदी भागिले उंची १५. इफेक्टिव्ह डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३.९७. इम्पिडन्स १०.४ ओहम.

पण नुसत्या दहा ओहमने इतकी वाट लागायला नको होती. छोटा तुकडा असता तर एवढं बिघडलं नसतं. म्हणून लांबी तपासली. हवेतली वेव्हलेंग्थ ३४६ मिमी, तिला ३.९७च्या वर्गमुळाने भागलं की १७४, आणि तिचा चौथा भाग साडेत्रेचाळीस. आमचा ट्रॅक ४३! बिनबोभाट क्वार्टर वेव्ह ट्रान्सफॉर्मर (एका टोकाचा इम्पिडन्स दुसऱ्या टोकाला बदलून दाखवणारी पाव वेव्हलेंग्थची लांबी) बनवून ठेवला होता मी. तो पन्नास ओहमचे करतो १०.४चा वर्ग भागिले ५०, म्हणजे २.१६. चुकायला याहून सोयीची लांबी मुद्दाम शोधूनही मिळाली नसती. मॉड्यूलला समोर दोन ओहम दिसले की ताकद उरते सोळा टक्के. तेच ते ८ डीबी.

आतल्या लेयरचं तांबं बाहेरून खरवडता येत नाही. उपाय एकच: मॉड्यूलपासून सॉकेटपर्यंत आरजी-१७८ची बारीक पन्नास ओहमची केबल टाकायची आणि ट्रॅक कापायचा. काकांनी पहिली केबल बसवली, मी मॉड्यूलच्या बाजूला ब्लेडने ट्रॅक कापला. व्हीएनए लावला तर आधीपेक्षाही वाईट. काकांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत, ते बरं केलं.

दोन मिनिटं लागली कळायला. कापलेला ट्रॅक अजून सॉकेटला लटकत होता. एका टोकाला मोकळी क्वार्टर वेव्ह लांबी दुसऱ्या टोकाला शॉर्ट दाखवते. तांब्याची ती निरुपयोगी पट्टी अँटेना थेट ग्राउंड करत होती. काकांना म्हटलं, सॉकेटच्या बाजूलाही कापा, अगदी पिनला लागून. त्यांनी भिंग लावून दोन चिरा मारल्या, मधला चिमूटभर तुकडा सोल्डरिंग गनने उचलला. ठिपका मधोमध आला.

‘म्हणजे दुसरीकडं कुठंच चिकटलेला नसला तरी शॉर्ट करतो?’ काकांना हे काही केल्या झेपेना. मल्टिमीटर लावून त्यांनी दोनदा खात्री केली, सॉकेट आणि ग्राउंड ओपन. मग रात्री नऊपर्यंत आम्ही कापत आणि डकवत बसलो. एका बोर्डाला सहा-सात मिनिटं. शुक्रवारी आणखी चार जण मदतीला आले.

पुढच्या लॉटसाठी रुंदी काढली ती ०.३५ मिमी. तांब्याची ३५ मायक्रॉन जाडीही धरून. स्क्रीनवर तो केसासारखा ट्रॅक बघून मला स्वतःलाच शंका आली आणि मी गणित परत केलं. शनिवारी दुपारी टेम्पो गेला, २३७ बोर्ड घेऊन. तीन बोर्डांवर ब्लेड खोल गेलं होतं.