प्रोटीनचा डबा आणि खोलीचं भाडं

परळच्या एका रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. कॅन्सरच्या मुलांचा वॉर्ड माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात एक देणगीदार काका हातात प्रोटीन पावडरचा डबा घेऊन संतापून ऑफिसात आले. त्यांच्या मंडळाने वाटलेला डबा जवळच्या दुकानात विक्रीला होता, वर मंडळाचं स्टिकरही तसंच. दुकानदाराला विचारून त्यांनी विकणारा शोधून काढला होता. तो नांदेडकडचा एक बाप, माझ्याच वॉर्डातल्या मुलाचा.

आम्ही डबा देतो तेव्हा समोरच सील फोडतो, लेबलवर मार्करने काट मारतो आणि वजनाच्या नोंदीशेजारी सही घेतो. या मंडळाने डबे थेट रुग्णालयाबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या आईबापांना वाटले होते. फुटपाथवर वाटू नका, आधी आम्हाला विचारा, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो. ऐकतं कोण? सणावाराला इथे खिचडीची पातेली एकामागून एक येतात आणि आमच्या मुलांना त्यातलं काहीच चालत नाही. केमोनंतर काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडले की उघड्यावरचं, कापलेलं, तासन्‌तास ठेवलेलं अन्न बंद. खातात ते आईबाप.

बापाला बोलावलं. तो काही लपवत नव्हता.

"इकला मॅडम. पोराला ताप आलता. डाक्टर म्हनले, उघड्यावर झोपवू नका. खोलीवाला आधी पैशे मागत होता."

मी फाइल उघडली. त्या दिवशीचा एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ४००. हा आकडा ५०० च्या खाली गेला की साधा तापही मुलाच्या जिवावर बेततो, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. या मुलाच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. महात्मा फुले योजनेतून औषधं होतात, भरती असताना जेवण मिळतं. पण दोन केमोंच्या मधले दिवस, जेव्हा मूल भरती नसतं आणि गावीही पाठवता येत नाही, तेव्हा राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत त्याचं नाव लावलं होतं, नंबर आला नव्हता. डबे विकून त्याने नायगावच्या चाळीत पोटमाळा घेतला, पोराला तिथे नेलं. मुलगा त्या तापातून सुटला.

मी हे सगळं काकांना सांगितलं, रिपोर्ट दाखवला. ते बराच वेळ तो कागद पाहत होते. मग म्हणाले, "मला पटतंय हो. पण माझ्याकडे पेन्शनर लोक शंभर-दोनशे रुपये देतात. त्यांना मी डब्याचा फोटो दाखवतो. भाडं दिलं तर काय दाखवू? उद्या कोणीही येऊन खोली सांगेल."

माणूस खोटा नव्हता. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब त्यालाही द्यायचा होता. पण "कोणीही येऊन सांगेल" हे मला मान्य नाही. चौकशी करायला आम्ही बसलोय ना! रेशन कार्ड, फाइल नंबर, डॉक्टरांची पुढची तारीख, खोलीवाल्याची पावती, एवढं पाहून पैसे थेट खोलीवाल्याच्या खात्यात भरता येतात. बापाच्या हातात रोख द्यायचीही गरज नाही. बिलासाठी रुग्णालयाच्या नावाने चेक द्यायला ट्रस्ट तयार असतात, पण तोच मुलगा रात्री कुठे झोपतो हे त्यांच्या अर्जात विचारलेलंच नसतं. त्या रकान्यासाठी मी किती जणांशी भांडले आहे!

माझ्या सहकाऱ्याने फाइलवर लाल पेनाने 'मदतीच्या वस्तू विकतो' असा शेरा मारलाय. हा शेरा पाहून पुढचा प्रत्येक ट्रस्ट हात आखडता घेईल. मी त्याखाली एएनसीचा आकडा, तापाची तारीख आणि खोलीचं भाडं लिहिलं, सही केली. सहकारी म्हणतो, अशाने सगळेच विकायला लागतील. मला तसं वाटत नाही. ज्याला छप्पर आहे तो पोराच्या तोंडचा डबा विकणार नाही.

काकांच्या मंडळाची बैठक रविवारी आहे. या वॉर्डातली किती मुलं सध्या फुटपाथवर आहेत आणि महिन्याला किती भाडं लागेल, याची यादी मी त्यांना करून दिली आहे. त्या नांदेडच्या मुलाचं नाव मी सगळ्यात वर ठेवलंय.