सतराच्या रिमवरून सोळाच्या रिमवर: टायरचा साइज ठरवताना

माझ्या गाडीला १७ इंची रिम आणि २२५/४५ आर १७ टायर होते. दिसायला छान, पण खड्ड्यात चाक गेलं की धक्का थेट मणक्यात. कारण आकड्यांतच आहे: टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि साइडवॉलची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे जेमतेम १०१ मिलिमीटर. रस्ता आणि रिम यांच्यामध्ये रबर आणि हवा एवढीच. म्हणून मी लहान रिम आणि जाड टायर घ्यायचं ठरवलं.

सगळ्यात आधी ब्रेक बघितला, टायर नंतर. रिम किती लहान घेता येईल हे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग, ठरवतो. मला १५ इंची मोहात पाडत होती, कारण १९५/६५ आर १५ चा एकूण व्यास माझ्या जुन्या टायरइतकाच, ६३४ मिलिमीटर भरतो. पण चाक काढून हबच्या (रिम ज्यावर बसते त्या भागाच्या) मध्यापासून कॅलिपरच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घेतलं आणि १५ चा विचार सोडला. रिमचा इंचाचा आकडा टायर जिथे बसतो तिथला असतो. आतली पोकळी त्याहून बरीच कमी असते. शिवाय कॅलिपर पुढे किती येतो आणि रिमच्या काड्यांना लागतो का, हेही बघावं लागतं. १६ इंची रिम टायर न चढवता नुसती हबवर लावून हाताने फिरवली. कुठेही घासली नाही, तेव्हाच पुढे गेलो.

रिमच्या बाकीच्या गोष्टी सरळ आहेत, पण एकही सोडून चालत नाही: पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) जुळायलाच हवा, सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) हबपेक्षा मोठा असेल तर मधे रिंग लागते, आणि ऑफसेट (रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) मूळच्या जवळपास हवा.

मग टायर. हिशेब एवढाच: रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. जुन्याचं उत्तर ६३४. दुकानात २०५/५० आर १६ लगेच मिळत होता आणि ‘रिमवर बसतो की’ असं सांगण्यात आलं. बसतो, हे खरं. पण व्यास ६११, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून अधिक कमी. गाडी ११ मिलिमीटर खाली बसणार, स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा जास्त वेग दाखवणार, किलोमीटरही वाढीव मोजले जाणार. खड्ड्यांना कंटाळून रिम बदलायची आणि गाडी आणखी खाली आणायची, हे मला पटेना. दुसऱ्या टोकाला २०५/६० आर १६ चा व्यास ६५२. तिथे उलटं: जुन्या टायरवर खरा वेग १०० असताना काटा जिथे असायचा, तिथेच आता खरा वेग जवळपास १०३ असेल. ही चूक जास्त धोक्याची, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची भीती वेगळी.

२०५/५५ आर १६ चा व्यास ६३२ येतो. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि साइडवॉल ११ मिलिमीटरने जास्त. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरही हाच साइज छापलेला होता, म्हणजे शंकेला जागा उरली नाही.

लोड इंडेक्सवर मात्र मी अडून बसलो. जुन्या टायरवर ९१ होता, म्हणजे एक टायर ६१५ किलो वजन पेलू शकतो. त्या २०५/५० वर ८७ होता: ५४५ किलो. चार टायरांचा मिळून फरक २८० किलोंचा. सगळं कुटुंब आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत यावर तडजोड नको. म्हणून ९१ व्ही घेतले. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, आणि स्टिकरवर तेच मागितलं होतं. चढवण्याआधी टायरच्या बाजूवरचा, तो कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड वाचला: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

आता गाडी खड्ड्यातून खूपच मऊ जाते. वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित संथ झाला आहे, तो मला चालतो. एक जुनं १७ इंची चाक स्टेपनी म्हणून ठेवलंय. व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळे वेळेला तात्पुरतं लावता येईल. फक्त नव्या रिमच्या नटांची बैठक निमुळती आहे आणि जुन्याची गोल, त्यामुळे जुने नट डिकीत स्टेपनीसोबतच एका पिशवीत बांधून ठेवले आहेत.